नोकरीतील खंड आणि परदेशी वास्तव्याचा दर्जा : एच-१बी कर्मचाऱ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

कल्याणहून कर्जतच्या दिशेने सुटलेल्या लोकलचे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. तेथून पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर असा जो पट्टा पसरला आहे, त्यातील मागची पिढी कारखान्याच्या भोंग्यावर वाढली. अंबरनाथची आयुध निर्माणी असो वा शहाडची सेंच्युरी रेयॉन, नोकरी एकदा लागली की ती निवृत्तीपर्यंत, अशी या पिढीची धारणा होती. याच घरांतील पुढची पिढी संगणक क्षेत्रात शिरली आणि तिच्यातील काहीजण एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर अमेरिकेत गेले. अशा घरात मुलाची वा मुलीची नोकरी गेल्याचा दूरध्वनी येतो, तेव्हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "व्हिसा तर अजून दोन वर्षांचा आहे ना? मग एवढी घाई कसली?"

प्रश्न आपुलकीचा आहे. परंतु त्यामागील गृहीतक चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत फार मोठी असू शकते. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून नोकरीतील खंडाच्या काळात वास्तव्याचा दर्जा कसा टिकतो अथवा कसा गमावला जातो, याचे विवेचन केले आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही, हे येथेच नमूद करणे योग्य होईल.

व्हिसा, मुदत आणि दर्जा

येथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पारपत्रावर चिकटवलेला व्हिसा, म्हणजे मुंबईकरांच्या बाबतीत सामान्यतः वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीतून मिळालेला कागद, हा केवळ देशाच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना होय. आत शिरल्यानंतर किती काळ राहता येईल, हे 'आय-९४' या प्रवेश-नोंदीवरील तारखेवरून ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे दर्जा. हा दर्जा तारखेवर नव्हे, तर वर्तनावर अवलंबून असतो. ज्या नियोक्त्याने याचिका दाखल केली, त्याच्याकडे, त्याच कामावर, ठरलेल्या वेतनात कर्मचारी काम करीत आहे तोवर दर्जा शाबूत राहतो. नोकरी संपली की व्हिसावरील व आय-९४ वरील तारखा जागच्या जागी राहतात. परंतु दर्जाचा पाया निखळतो. घरच्यांना दिसते ती तारीख, कायदा मात्र पाहतो तो पाया.

एच-१बी ही वर्गवारी अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने आजच्या स्वरूपात अस्तित्वात आली. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षे व एकूण सहा वर्षे अशी तिची सर्वसाधारण मर्यादा आहे. २००० च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या कायद्याने वार्षिक संख्यामर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत वाढवली आणि नव्या नियोक्त्याने याचिका दाखल करताच तेथे काम सुरू करण्याची मुभाही दिली. पण लगोलग २००१ ची मंदी आली. त्या वेळी नोकरी गेलेल्या माणसाला नियमाने एक दिवसाचीही सवलत नव्हती. कामाच्या शेवटच्या दिवसाबरोबर दर्जा संपे. नंतर नवी नोकरी मिळालीच, तर मधला खंड क्षम्य मानावा की नाही, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले असे. सामान सुमान विकून, मुलांच्या शाळा अर्ध्यावर सोडून कुटुंबे परतली, त्यामागे केवळ बेकारी नव्हती, तर ही अनिश्चितताही होती. साठ दिवसांची सवलत नियमात आली ती १७ जानेवारी २०१७ पासून.

साठ दिवसांची मोजणी

ही सवलत वाटते तितकी सरळ नाही. प्रथमतः, साठ दिवस ही कमाल मर्यादा आहे. आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल, तर सवलतही तेथेच संपते. दिवस सलग मोजले जातात. शनिवार-रविवार व सुट्ट्या वगळल्या जात नाहीत. प्रत्येक मंजूर मुदतीत ही सवलत एकदाच मिळते आणि ती कमी करण्याचा वा नाकारण्याचा अधिकार प्रशासनाने स्वतःकडे राखून ठेवला आहे. या काळात राहता येते, काम करता येत नाही.

मोजणी कोणत्या दिवसापासून करावयाची, हा सर्वांत नाजूक मुद्दा आहे. अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाच्या स्पष्टीकरणानुसार नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हा काळ सुरू होतो, आणि नोकरी संपल्याचा दिवस सामान्यतः ज्या अखेरच्या दिवसाचे वेतन मिळाले त्यावरून ठरवला जातो. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याच्या वेतनाचा अखेरचा दिवस ३१ जानेवारी आहे. लीप वर्ष नसल्यास त्याचा साठावा दिवस १ एप्रिल हा होईल. त्याच्या आय-९४ वर १० मार्च ही तारीख असेल, तर मात्र सारे १० मार्चलाच आटोपते. कंपनी सोडताना एकरकमी मिळालेली भरपाई कितीही महिन्यांच्या पगाराइतकी असली, तरी तिच्यामुळे हा काळ लांबत नाही. याउलट काही कंपन्या कर्मचाऱ्याला कामावरून मुक्त करूनही काही आठवडे पगारपत्रकावर ठेवतात. अशा वेळी अखेरचा दिवस कोणता, याविषयी मतभेद संभवतात. म्हणून सावध माणसाने अलीकडची तारीख धरून चालणे हिताचे ठरते. कंपनीकडून शेवटच्या दिवसाचे पत्र लेखी घेणे व वेतनचिठ्ठ्या जपून ठेवणे ही कामे पहिल्याच आठवड्यात व्हावीत. पुढील नियोक्त्याच्या याचिकेसोबत दर्जा टिकवल्याचा पुरावा म्हणून याच चिठ्ठ्या लागतात.

कामात पडलेला प्रत्येक खंड हा नोकरीचा अंत नसतो, हेही ध्यानात घ्यावे. प्रकल्प नसल्यामुळे कर्मचाऱ्याला 'बेंच'वर बसवले, तरी वेतन देणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. १९९८ च्या कायद्याने ते बंधनकारक केले. "प्रकल्प मिळेपर्यंत बिनपगारी थांबा" असे सांगणारा नियोक्ता कायदा मोडत असतो, आणि निमूटपणे थांबणाऱ्याचा दर्जाही धोक्यात येतो. कर्मचाऱ्याने स्वतः मागितलेली बाळंतपणाची, आजारपणाची वा भारतातील आईवडिलांच्या शुश्रूषेसाठीची रजा मात्र वेगळी. ती बिनपगारी असली तरी नोकरीचे नाते कायम असेल, तर दर्जा कायम राहतो. अर्थात रजेचा लेखी पुरावा हवा.

उपलब्ध मार्ग

पहिला व सर्वांत बळकट मार्ग म्हणजे साठ दिवसांच्या आत नव्या नियोक्त्याने याचिका दाखल करणे. येथे 'दाखल' हा शब्द महत्त्वाचा. नोकरीचे नियुक्तिपत्र हाती येणे पुरेसे नाही, आणि याचिका मंजूर होण्याचीही आवश्यकता नाही. ती त्या मुदतीत विभागाकडे पोहोचली पाहिजे. याचिकेपूर्वी अमेरिकेच्या श्रम खात्याकडून एक प्रमाणित अर्ज मिळवावा लागतो व त्यात काही दिवस जातात. त्यामुळे प्रत्यक्षात नोकरी शोधण्यासाठी साठ नव्हे, तर पंचेचाळीस दिवसच हाती आहेत असे समजून चालावे, असे आम्हांस वाटते.

दुसरा मार्ग दर्जा बदलण्याचा. जोडीदार स्वतंत्रपणे एच-१बी वर असल्यास अवलंबिताचा एच-४ दर्जा, पुढील शिक्षणासाठी विद्यार्थी दर्जा, किंवा अभ्यागताचा दर्जा, यांपैकी एकासाठी मुदतीत अर्ज करता येतो. अर्ज प्रलंबित असताना राहता येते आणि मुलाखती देण्यासही हरकत नाही, असे विभागाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. परंतु साठ दिवस उलटल्यावर नवी नोकरी मिळाली, तर याचिका दाखल होताच काम सुरू करण्याची मुभा या व्यक्तीला राहत नाही. मंजुरीपर्यंत थांबावे लागते. थोडक्यात, अभ्यागताचा अर्ज राहण्याची सोय करतो, कमाईची नाही.

तिसरा मार्ग परतण्याचा. मुदतीपूर्वी कर्मचाऱ्यास काढून टाकल्यास त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देऊ करणे नियोक्त्यावर बंधनकारक आहे. स्वतः राजीनामा दिल्यास हा हक्क नाही, आणि कुटुंबीयांचा खर्च त्यात येत नाही. सहा वर्षांपैकी उरलेला काळ बुडत नाही. पुढे नवा नियोक्ता मिळाल्यास वार्षिक सोडतीत पुन्हा न उतरता तो वापरता येतो.

पत्नी अथवा पती आणि भारतात जन्मलेली मुले यांचा दर्जा मूळ कर्मचाऱ्याच्या दर्जाला बांधलेला असतो. तो गेला की त्यांचाही जातो. अमेरिकेत जन्मलेले धाकटे मूल मात्र नागरिक. एकाच घरात असे दोन कायदे नांदतात.

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांची भीती काहीशी वेगळी असते. रोजगाराधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० असून कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळेच लांबली आहे. नोकरी गेली की रांगेतील जागाही जाते, असा समज आढळतो. तो खरा नाही. नियोक्त्याची स्थलांतर-याचिका एकदा मंजूर झाली, की फसवणूक वा गंभीर चूक यांसारखी कारणे वगळता रांगेतील तारीख टिकते. रांगेतील जागा वेगळी आणि आज तेथे राहण्याचा हक्क वेगळा.

आखाताशी तुलना

आपल्या पट्ट्यातून जोडारी, वीजतंत्री असे कारागीर आखातातही जातात, आणि तेथे ही बांधणी अधिकच घट्ट आहे. 'कफाला' पद्धतीत वास्तव्य पुरस्कर्त्या मालकाच्या नावावरच असते. संयुक्त अरब अमिरातीत परवाना रद्द झाल्यावर पूर्वी सामान्यतः तीस दिवस मिळत. २०२२ च्या ऑक्टोबरपासून वर्गवारीनुसार साठ ते एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळू लागली. तेथील कारागिराने आपली वर्गवारी कोणती, हे परवाना रद्द होण्याआधीच विचारून घ्यावे.

एकसष्टावा दिवस

साठ दिवस उलटून गेल्यावर काय? नवा नियोक्ता याचिका दाखल करू शकतो व ती मंजूरही होऊ शकते. परंतु दर्जा टिकला नव्हता असे ठरल्यास कर्मचाऱ्याला देशाबाहेर जाऊन परत यावे लागते. २०२५ पर्यंत याचा अर्थ विमानाचे तिकीट, वकिलातीतील तारखेची प्रतीक्षा आणि काही आठवड्यांचा मनस्ताप एवढाच होता. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने हे चित्र पालटले. २१ सप्टेंबरपासून, प्रारंभी बारा महिन्यांसाठी, काही नव्या याचिकांवर एक लाख डॉलरचा भार आला. ऑक्टोबरमधील स्पष्टीकरणानुसार अमेरिकेत वैध दर्जात राहून मुदतवाढ वा दर्जाबदल मंजूर झालेल्यांना तो लागू नव्हता. दर्जा न टिकल्यामुळे ही मागणी नाकारली गेल्यास मात्र तो लागू होणार होता. देशाबाहेर असलेल्यांपैकी ज्यांच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नव्हता, त्यांच्यासाठीच्या नव्या याचिकांवरही तो होता. म्हणजे वडीलधाऱ्यांनी विचारलेल्या पारपत्रावरील त्या तारखेला, वेगळ्याच कारणाने का होईना, काही मोल आले. नियोक्ता एवढी रक्कम भरण्यास तयार होईल का, याचे उत्तर साठाव्या दिवसाच्या आत याचिका पोहोचली की नाही यावर अवलंबून राहिले.