अंधारातला ओटा आणि चार पत्ते

गोष्ट २००५ च्या उन्हाळ्यातली. पारोळ्यात तेव्हा भारनियमनामुळे संध्याकाळी तासन्‌तास वीज नसायची. जेवणं आटोपून आम्ही मित्र ओट्यावर मेंढीकोट मांडायचो. चार जण खेळायला आणि दोघं सल्ला द्यायला. नेमका डाव रंगात आला की दिवे जायचे. हातातलं पान इस्पिकचं की किलवरचं, हेही दिसेना. मग कंदील पेटेपर्यंत कुणीतरी कोडं घालायचं. पुढे पुढे तर वीज आली, तरी कोडं सुटल्याशिवाय पत्ते वाटले जात नसत.

आमचं लाडकं कोडं देवळालीचं. तिथले शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये आकड्यांची एक गंमत शोधून काढली. कुठलीही चार आकडी संख्या घ्या. फक्त चारही आकडे सारखे नकोत. तेच आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग उलटे लिहा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. उत्तर तीन आकडी आलं तर पुढे शून्य धरायचं.

आम्ही चालू सालच घेतलं, २००५. कंदिलाच्या उजेडात पाटीवर मांडलं. ५२०० वजा ००२५, उत्तर ५१७५. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४च! गाडी तिथेच थांबते. कुठूनही निघालात तरी सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत. चूक पकडायची खूणही सोपी आहे. तेच आकडे उलटसुलट मांडून वजाबाकी केली की उत्तराला नऊने भाग जातोच, म्हणजे उत्तरातल्या आकड्यांची बेरीज नऊच्या पाढ्यात यायला हवी. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले.

आमच्यातला एक जण मात्र आकडे निघाले की हळूच पाणी प्यायला उठायचा. तो एसटीत कंडक्टर. दहावीला गणितात दोनदा नापास, तिसऱ्यांदा कसाबसा सुटलेला. भर वर्गात ‘ढ’ म्हणवून घेतलेला. ते त्याच्या मनात इतकं रुतलं होतं, की मित्रांतही तो कोड्याला तोंड उघडत नसे.

एका रात्री मी दोन जोडांतली चार पानं सतरंजीवर ठेवली. एकाची निळी पाठ दिसत होती, दुसऱ्याची लाल. तिसरा उघडा राजा, चौथी उघडी सत्ती. म्हटलं, ‘‘नियम असा, की निळ्या पाठीचं प्रत्येक पान चित्राचं आहे. हे खरं की खोटं ते ठरवायला कोणकोणती पानं उलटावी लागतील? नको ते पान उलटायचं नाही.’’

सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘निळं पान आणि राजा!’’ आमचा पदवीधरही त्यातच. कंडक्टर गप्प. मी त्याच्याकडे वळून विचारलं, ‘‘नियम असा, की मुलाचं अर्धं तिकीट असेल तर वय बाराच्या आत हवं. गाडीत चार मुलगे आहेत. एकाच्या हातात अर्धं तिकीट, एकाच्या हातात पूर्ण. तिसरा दहा वर्षांचा, हे तुला ठाऊक आहे. चौथा चौदाचा, हेही ठाऊक आहे. तू कुणाला विचारशील?’’

तो हसला. ‘‘यामा काय अवघड शे, भाऊ? अर्ध्यावाल्याचं वय विचारीन, चौदावाल्याचं तिकीट बघीन. बाकीच्यांना कशाला त्रास?’’ मग क्षणभर पानांकडे पाहून म्हणाला, ‘‘म्हणजे इथंही निळं आणि सत्ती!’’

बरोबर तेच. राजाची पाठ लाल निघाली तरी नियम मोडत नाही, कारण लाल पाठीबद्दल नियम काहीच बोलत नाही. पण सत्तीची पाठ निळी निघाली तर नियम तिथेच कोसळतो. नियम तपासायचा तर तो जिथे मोडू शकेल तिथे पाहायचं. आपण मात्र जिथे तो जुळेल तिथे पाहतो.

असं कोडं इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलं. भले भले शिकलेले त्यात चुकतात. तोच प्रश्न रोजच्या व्यवहारातल्या नियमाचा केला की बहुतेकांना सुटतो, असं पुढच्या संशोधकांना आढळलं. आमच्या मित्राकडे तर्क होताच. रोज धावत्या गाडीत तो वापरत होता, फक्त त्याला गणित म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीपासून तो पाणी प्यायला उठला नाही. पुढे तर कोडी तोच घालू लागला. ओट्याचा नियम एकच होता. दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर सांगायचं नाही. हाती दिलेलं उत्तर त्याच रात्री विसरतं. स्वतः शोधलेलं जन्मभर आपलं राहतं.

कोडं घालायची ही रीत आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त गणितं घातली ती कधी ‘सखे’, कधी ‘मित्रा’ असं म्हणत. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, तसा शिलालेखच तिथे आहे. म्हणजे हे आपल्या खानदेशातलंच.

आता कंडक्टर मित्राचं एक कोडं तुमच्यासाठी. मेंढीकोटात बावन्न पानं वाटून झाली. तुमच्या आणि तुमच्या भिडूच्या हातात मिळून जितकी लाल पानं आहेत, तितकीच काळी पानं समोरच्या जोडीच्या हातात असतात. प्रत्येक डावात, न चुकता. का बरं?

उत्तर मी सांगणार नाही. घरात कुणी ‘मला गणित जमत नाही’ म्हणणारं असेल, तर पत्ते काढून आधी त्यालाच विचारा.