स्क्रूची फुली आणि पोलादाचं पाणी

पुण्या-नाशिकहून जर्मनीत नोकरीला गेलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच कळून चुकतं की इथे हाक मारली आणि सुतार आला, असं होत नाही. कारागीर मिळतो, पण त्याची तासाची मजुरी ऐकून माणूस स्वतःच हातोडी उचलतो. भाड्याच्या घरात छताला दिवा नसतो, वायरींची टोकं नुसती लोंबत असतात. कित्येकदा स्वयंपाकघरात ओटा आणि कपाटंही नसतात. मग शनिवारी हार्डवेअरच्या गोदामाएवढ्या दुकानात जायचं आणि रविवारी घरात खटपट करायची, तीही भोक पाडण्याचा आवाज न करता, कारण रविवार शांततेचा. अशा घरांमध्ये मराठी मंडळींच्या तोंडून एक वाक्य मी सतत ऐकत आलो आहे, ‘इथल्या हत्यारांची सर आपल्याकडच्या हत्यारांना नाही.’

हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तपासायला भारत आणि जर्मनी ही जोडी फार सोयीची, कारण दोन्हीकडे मोजमाप मिलिमीटरमध्ये आणि वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. अमेरिकेत गेलेल्याची पंचाईत वेगळी असते. तिथे घरातली वीज १२० व्होल्टची, त्यामुळे भारतातून नेलेलं ड्रिल दमच धरत नाही. तिथला अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो आपल्या १३च्या बोल्टवर चढत नाही आणि १३चा पाना तिथल्या अर्ध्या इंची बोल्टवर सैल बसून कोपरे खातो. जर्मनीत असा कुठलाच अडसर नाही, म्हणजे फरक दिसला तर तो हत्याराचाच, असं वाटणं साहजिक आहे.

तक्रार बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हरपासून सुरू होते. इथून नेलेला ‘स्टार’ स्क्रू ड्रायव्हर तिथल्या लाकडाच्या स्क्रूवर ठेवला, जोर लावला की टोक उसळून बाहेर येतं आणि स्क्रूची फुली घासून गुळगुळीत होते. दोष आपल्या पोलादाला दिला जातो. खरं कारण भूमितीत आहे. आपण ज्याला स्टार म्हणतो ती फिलिप्स खाच. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सनं ती कल्पना जॉन थॉम्पसनकडून घेतली, सुधारली आणि १९३६मध्ये तिची पेटंटं मिळवली. त्याच सुमारास जनरल मोटर्सनं कॅडिलॅकच्या उत्पादनात तो स्क्रू वापरायला घेतला. या खाचेच्या भिंती आत निमुळत्या होत जातात. त्यामुळे टोक आपोआप मधोमध बसतं, कारखान्यात काम झपाट्यानं होतं. पण निमुळत्या भिंतीवर पिळाचा जोर पडला की त्या जोराचा एक भाग टोकाला बाहेर ढकलतो. तो थोपवायला मागून दाबत राहावं लागतं.

युरोपात १९६०च्या दशकात याची सुधारित आवृत्ती रूढ झाली, पोझीड्राइव्ह. हिच्या भिंती जवळजवळ समांतर असतात, म्हणून बाहेर ढकलणारा जोर फार कमी. ओळख अगदी सोपी आहे. स्क्रूचं डोकं उजेडात धरा. मुख्य फुलीच्या चार हातांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह. त्याच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकालाही मुख्य पात्यांच्या मध्ये बारीक कंगोरे असतात. आयएसओच्या ४७५७ या एकाच मानकात दोन्ही खाचा आहेत, फिलिप्सला ‘एच’ आणि पोझीड्राइव्हला ‘झेड’. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. फिलिप्सचं टोक पोझीड्राइव्हमध्ये जातं, फिरतंही, पण त्याला धरायला पुरेशी भिंतच मिळत नाही. जगातल्या सर्वोत्तम पोलादाचं टोक असलं तरी ते घसरणारच.

हा घोळ परदेशापुरता नाही, म्हणून त्यावर इतकं लिहितो आहे. आपल्याकडच्या मॉड्युलर किचनमध्ये युरोपीय बनावटीची जी बिजागरं बसवतात, त्यांचे दार वर-खाली करण्याचे स्क्रू बहुधा पोझीड्राइव्हच असतात. पुण्यातल्या कितीतरी घरांत ते स्टार स्क्रू ड्रायव्हरनं पिळून पिळून निकामी झालेले मी पाहिले आहेत. जपानी बनावटीच्या मोटारसायकलींवर आणखी तिसरीच फुली असते, जपानी मानकाची. डोक्यावर एक छोटा ठिपका असला तर ती ओळखावी. गॅरेजमधला मुलगा ‘स्क्रू हलक्या प्रतीचा आहे’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या हातातलं टोक चुकीच्या जातीचं असतं.

आता खऱ्या अर्ध्याकडे वळू, म्हणजे पोलादाकडे. जर्मन हातहत्यारांचं माहेर म्हणजे वुपरटाल, रेमशाइड आणि झोलिंगेन हा डोंगराळ टापू. ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे घण आणि सहाणी इथे शतकानुशतकं होत्या. पकडी बनवणारी क्निपेक्स आणि स्क्रू ड्रायव्हर बनवणारी वेरा या कंपन्या आजही वुपरटालच्याच. आपल्याकडे पाने-पकडींचा मोठा उद्योग जालंधर-लुधियानाला आहे, आणि नाशिकच्या सातपूरमध्ये तापडियांचा कारखाना. जालंधरच्या भट्ट्यांमधून निघालेले पाने युरोप-अमेरिकेतही विकले जातात, पुष्कळदा परदेशी नाव लावून. तेव्हा ‘भारतात चांगला पाना बनत नाही’ हे म्हणणं टिकत नाही. मग एकाच गावात बनलेले दोन पाने इतके वेगळे का वागतात?

दोन्हींवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असंच कोरलेलं असतं. क्रोमियममुळे पोलाद तेलात विझवलं तरी आतपर्यंत कडक होतं, आणि व्हॅनेडियम त्याचे स्फटिककण बारीक ठेवतं. पण ही केवळ शक्यता झाली. ती प्रत्यक्षात येते पाणी देताना. साधारण ८५० अंश सेल्सियसला लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. तेलात झटकन विझवलं की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, मांडणी ताणलेल्या अवस्थेत गोठते. असं पोलाद अतिशय कडक, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून ते पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून थोडं नरमवायचं. पान्याला चिवटपणा हवा, म्हणून तो रॉकवेल मोजपट्टीवर साधारण ४० ते ४८ ठेवतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ५५ ते ६० आणि पकडीची तार कापणारी धार ६०च्या वर. रॉकवेल चाचणीत हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भारानं धातूत रुतवतात आणि तो किती खोल गेला यावरून कडकपणाचा आकडा काढतात. पन्नास अंशांची चूक नरमवताना झाली, तर हा आकडा बदलतो.

पैसे वाचवायच्या जागा इथेच आहेत आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या भट्टीत पोलाद तापलं की हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागातला कार्बन खाऊन टाकतो. आतला गाभा कडक, पण वरचं पापुद्र्याएवढं कातडं मऊ. पान्याचा जबडा किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक काम करतं ते या कातड्यानंच. हे टाळायला भट्टीत नियंत्रित वायू भरावा लागतो, त्याला खर्च येतो. पुढे क्रोमचा मुलामा चढवताना आम्लातून आणि विद्युत-विलेपनातून हायड्रोजनचे अणू कडक पोलादात शिरतात आणि काही दिवसांनी ते विनाकारण तडकतं. मुलाम्यानंतर लगेच काही तास दोनशे अंशांच्या आसपास भाजलं तर हायड्रोजन निघून जातो. हे भाजणं टाळलं तरी पाना दुकानात तितकाच चमकतो. म्हणून चमकेवर भरवसा ठेवू नये. स्क्रू ड्रायव्हरची उत्तम बिटं बहुधा काळपट, फॉस्फेटच्या लेपाची असतात.

या शास्त्राला आपल्या गावच्या लोहाराइतका जवळचा माणूस दुसरा नाही. ट्रकच्या कमानपाटीची पटाशी करणारा लोहार पातं विझवून घासतो, मग मागून हळूहळू तापवत धारेकडे सरकणारे रंग पाहतो. आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. हे रंग ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे असतात. थराची जाडी तापमानाप्रमाणे वाढते आणि प्रकाशाचे रंग बदलत जातात. पिवळा सुमारे २२० ते २३० अंशांना, निळा ३००च्या आसपास. पटाशीला पिवळ्यावर थांबायचं, हे त्याला कुठल्याही तापमापीशिवाय कळतं. काही कमानपाट्या क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्याच असतात, म्हणजे भारी जर्मन स्क्रू ड्रायव्हरच्या जातकुळीच्या. अशी पटाशी सागावर चालताना मी पाहिली आहे, आणि तिची धार टिकण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिच्यात उणं आहे ते एवढंच, की पुढची पटाशी तशीच निघेल याची खात्री लोहार देऊ शकत नाही. महागड्या पान्याच्या किमतीतला मोठा वाटा या खात्रीचा असतो. १३च्या पान्याचा जबडा १३हून किंचित मोठाच असतो, पण ही मोकळीक पाव मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते, हजारावा पाना असला तरी.

एका बाबतीत मात्र मी तडजोड मानत नाही. विजेच्या कामाचा स्क्रू ड्रायव्हर. ज्याच्यावर १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असते, त्याचा प्रत्येक नग आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाण्यात बुडवून १०,००० व्होल्टला तपासलेला असतो. नुसती प्लास्टिकची नळी चढवलेला दांडा दिसायला तसाच असतो, संरक्षण मात्र देत नाही.

परदेशी निघालेल्यांनो, चेक-इनच्या सामानात आपली पक्कड आणि पाने खुशाल घ्या. पान्यावर आयएस २०२८ किंवा २०२९ आणि पकडीवर आयएस ३६५० हे आकडे आहेत का, ते पाहून घ्या. स्क्रू ड्रायव्हर मात्र तिथे गेल्यावर, तिथले स्क्रू पाहून घ्या. जर्मनीत पोझीड्राइव्हचा पीझेड-२ आणि सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सचे टी-२०, टी-२५ घेतले की घरातलं बहुतेक काम निभावतं. आणि जे इथेच राहणार आहेत, त्यांनी पुढच्या वेळी दुकानदाराला ‘क्रोम व्हॅनेडियम आहे का’ हे विचारण्याऐवजी मानकाचा आकडा दाखवायला सांगावं. गिऱ्हाईक हा प्रश्न विचारू लागलं, तर निर्यातीच्या खोक्यात जाणारा माल आपल्या बाजारातही मिळेल.