कारवार ते मांडवी : शिडाच्या बोटीतला एक दिवस

बेंगळुरूकरांना कारवारचा समुद्र गाठायला रात्रभराचा प्रवास. तिथून पणजी मोटारीने दोन-तीन तासांवर. शिडाच्या यॉटने मात्र सबंध दिवस जातो. अंतर सुमारे ४५ सागरी मैल, म्हणजे ८३ किलोमीटर. ताशी पाच मैलांची चाल मिळाली तरी नऊ तास हवेत. आणि खरी परीक्षा असते शेवटच्या तासात, मांडवीच्या मुखाशी.

आग्वादचा किल्ला आणि काबोचे टोक यांच्यामध्ये नदी समुद्राला मिळते. तिथे वाळूचा दांडा आहे. तो पाणी चढत असतानाच ओलांडावा. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असेल आणि वायव्येचा वारा आत घुसत असेल, तर दोघांच्या झटापटीत लाटा भिंतीसारख्या उठतात. मग छोट्या बोटीचे काही खरे नसते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, त्यामुळे कालची वेळ आज उपयोगाची नाही.

शाळेत घोकलेले मतलई वारे इथे कामाला येतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून येणारा हा वारा उजव्या अंगाने शिडात भरतो आणि काणकोणचा किनारा, काब द रामचा कडा भराभर मागे पडतो. दुपारी मात्र खारे वारे सुटतात, तेही नेमके समोरून! बोटीला नागमोडी जावे लागते, अंतर वाढते. पहाटेचा चहा लांबला तर भरती हुकते. हुकलीच, तर धाडस करायचे नाही. आग्वादच्या आडोशाला नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहायची.

या वाळूने मोठ्यांनाही सोडलेले नाही. जुलै २०१७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मांडवीत शिरू पाहणारे एक कॅसिनो जहाज मिरामारजवळ रुतून बसले होते.

आत शिरताना लाल बोये डाव्या हाताला, हिरवे उजव्या. इथे रस्त्याचा कायदाही बदलतो. खुल्या समुद्रात यंत्राची बोट शिडाच्या बोटीला वाट देते. अरुंद पात्रात मात्र खोल पाण्याला बांधलेल्या मोठ्या जहाजाच्या वाटेत शिडाने यायचे नाही. २०१२ च्या खाणबंदीनंतर खनिजाचे बार्ज घटले, पण ट्रॉलर, पर्यटकांच्या बोटी आणि पणजी-बेतीची आडवी जाणारी फेरीबोट आहेच.

डाव्या काठावर रेईश मागूशचा किल्ला दिसतो, पुढे वेरे येथे नौदलाचे ‘आयएनएस मांडवी’. इथूनच सप्टेंबर २०१७ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि मे २०१८ मध्ये इथेच परतली. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे एकट्याने जग फिरून आले, त्या नौकेचे नाव ‘म्हादेई’. हे याच नदीचे वरच्या अंगाचे नाव. तिचा उगम बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला.

धक्क्याला लागल्यावरही दोर थोडा सैलच बांधतात. उधाणाच्या दिवसांत इथले पाणी सुमारे दोन मीटर उतरते. घट्ट बांधलेली बोट ओहोटीला दोरावर लटकते.