एक चेहरा, चार काडतुसं

मागच्या बाजूने पाहिलं तर त्या चारही बंदुका सारख्याच दिसतात. तोच लाकडी दस्ता, तीच पोलादी बॉडी, उजवीकडे खाली वळलेला बोल्टचा तोच गोळा. पोलीस ठाण्याच्या दारातला पहारा असो की शिरूर-दौंडच्या एखाद्या वाड्यातली पिढीजात बंदूक, आपण सगळ्यांना सरसकट ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून मोकळे होतो. पण या चौघींची काडतुसं चार तऱ्हेची आहेत. एकीचं काडतूस दुसरीत घातलं, तर कधी ते आत जातच नाही आणि कधी आत जाऊन घात करतं. जुन्या लष्करी बंदुकीसाठी योग्य काडतूस शोधायचं काम दुकानाच्या काउंटरवर सुरू होत नाही. आधी बंदूक ओळखावी लागते. ही ओळख पटवण्यात ज्यांची उभी नोकरी गेली, अशा एका निवृत्त आर्मोररांचं काम मी जवळून पाहिलं.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. त्यामुळे हत्यारांची देखभाल जाणणारी माणसं या गावाला नवी नाहीत. या आर्मोररांकडे एका कापडी पिशवीत सागवानी लाकडाची चार काडतुसं असतात. गावातल्याच एका लेथवर उभं राहून, मापं सांगून त्यांनी ती करवून घेतली. त्यांत ना दारू, ना टोपी, ना शिसं. पण प्रत्येकाचा घेर, उतार आणि लांबी खऱ्या काडतुसाबरहुकूम आहे. ‘जिवंत राउंड घालून बघू, बसतोय का’ असं कुणी म्हणालं की ते ही पिशवी उघडतात.

पहिलं काडतूस अर्थातच .३०३ चं. पुंगळीची लांबी ५६ मिलिमीटर, बुडाला बाहेर आलेला काठ, त्याचा व्यास १३.७ मिलिमीटर. हा काठ चेंबरच्या तोंडाशी टेकतो आणि काडतूस तिथे थांबतं. मॅगझीन भरतानाही त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. वरच्या राउंडचा काठ खालच्या राउंडच्या काठाच्या पुढे पडला पाहिजे, नाहीतर बोल्ट पुढे ढकलताना दोन राउंड एकमेकांत अडकतात. १९१० साली आलेल्या मार्क ७ काडतुसात १७४ ग्रेन वजनाची टोकदार गोळी होती. आत कॉर्डाइटच्या बारीक कांड्या उभ्या भरलेल्या असत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथे तयार झालेल्या जुन्या राउंडच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरं आणि सालाचे आकडे सापडतात. बूड वाचता आलं की राउंडचं कूळ कळतं.

दुसरं काडतूस ७.६२ चं. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने .३०३ च्या, म्हणजे ली-एनफील्डच्याच घडणीची, पण जास्त मजबूत पोलादाची आणि ७.६२ चे राउंड घेणारी रायफल काढली. तिचं रूप थेट थोरल्या बहिणीचं. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मॅगझीन. .३०३ चं मॅगझीन तळाला तिरकं असतं, हिचं चौकोनी डब्यासारखं. राउंडची पुंगळी ५१ मिलिमीटरची आणि बुडाला बाहेर आलेला काठ नाही. .३०३ च्या चेंबरमध्ये हा राउंड बसत नाही. त्याचं अंग त्या चेंबरपेक्षा जाड असल्याने तो पूर्ण आत जातच नाही.

तिसरं .३१५ चं. सैन्याचं काडतूस नागरिकाच्या बंदुकीत चालू नये, या ब्रिटिशकालीन धोरणातून शिकारी बंदुकांचं हे माप आपल्याकडे रुजलं. बॉडी ली-एनफील्डच्या वळणाची, काडतूस मात्र ८ मिलिमीटरच्या मॅनलिकर घराण्यातलं, ५० मिलिमीटर पुंगळीचं. परवान्यावर राखलेल्या बंदुकांमध्ये हे माप वरचेवर दिसतं.

चौथं काडतूस हातात घेतल्यावर मी थबकलो. बूड हुबेहूब .३०३ चं, काठ तोच, पण पुढे मान आवळलेली नाही. नळकांडं जवळजवळ सरळच वर गेलेलं. हे .४१० मस्केटचं काडतूस. तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी आणि पोलिसांसाठी इशापूरमध्ये जुन्या ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्या रुंद आणि गुळगुळीत करण्यात आल्या. मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या गेल्या. काडतूस बनवताना .३०३ चीच पुंगळी घेतली, फक्त तिची मान आवळली नाही.

घोडनदीच्या काठच्या एका गावात आजोबांच्या पश्चात कागदपत्रांनिशी नातवाच्या नावावर आलेली बंदूक पाहायला आर्मोरर निघाले, तेव्हा मी बरोबर होतो. वाड्यात सगळे तिला थ्री नॉट थ्रीच म्हणत होते. परवान्यावर मात्र ‘.४१० मस्केट’ असं स्वच्छ लिहिलेलं. नातवाला एवढंच हवं होतं, “साहेब, हिला कुठली गोळी चालेल ते सांगा, म्हणजे दुकानात विचारता येईल.”

आर्मोररांनी बंदूक आधी दाराबाहेरच्या मोकळ्या बाजूला वळवली, बोल्ट मागे ओढला आणि चेंबरमध्ये करंगळी घालून ते रिकामं असल्याची खात्री केली. मग बोल्टच्या दांड्यावरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर ताडून पाहिला. नंबर जुळला, म्हणजे बोल्ट मूळचाच, दुसऱ्या बंदुकीचा आणून बसवलेला नाही. ठोकळ्याच्या लाकडावर राउंड सरकण्यासाठी कोरलेली पन्हळ होती. नळीतून उजेडाकडे पाहिलं. .३०३ च्या नळीत डावीकडे वळत गेलेले पाच आटे दिसतात. इथे आटे नव्हतेच, सगळी नळी आरशासारखी सपाट. परवाना खरा होता.

त्यानंतर त्यांनी दोन पोलादी चकत्या काढल्या, एक ०.०६४ इंच जाडीची, दुसरी ०.०७४ ची. पहिली चकती आत ठेवून बोल्ट अलगद बंद झाला. दुसरीवर दांडा अर्ध्यातच अडला. असंच व्हायला हवं. बोल्ट आणि चेंबर यांच्यातली जागा या दोन मापांच्या मध्ये असली, तरच काडतुसाचं बूड नीट टेकतं. इतक्या वर्षांनंतरही बंदुकीची अंगकाठी शाबूत होती.

अडचण यापुढची. आज बाजारात ‘.४१०’ म्हणून मिळतं ते छर्ऱ्यांचं काडतूस, अडीच इंची, सरळ. नाव तेच, पण अंग वेगळं. मस्केटचं चेंबर .३०३ च्या पुंगळीसाठी कोरलेलं आहे, बुडाशी जाड आणि पुढे निमुळतं. छर्ऱ्याच्या काडतुसाचं अंग त्याहून जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. आर्मोररांनी व्हर्नियरवर दोन्ही मापं नातवाला दाखवली. मग पिशवीतलं मस्केटचं सागवानी काडतूस चेंबरमध्ये सोडलं. काठ टेकेपर्यंत ते स्वतःच्या वजनाने सरकत गेलं.

“साहेब, ते अर्धा मिलिमीटर घासून घेतलं तर?”

“घासून घ्याल हो. पण एकदा गेलेला धातू परत कुठून आणाल?”

कित्येक मस्केटची चेंबरं अशी रुंद केली गेली आहेत. पण ती रुंद केली की मूळचं काडतूस त्यात सैल पडतं. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी हा त्यासाठीचा परवाना असलेल्याचाच धंदा आहे. गावच्या लेथवर लाकूड कातता येतं, बंदूक कातता येत नाही.

शिरूरच्या भूमीवर अर्ध्या मिलिमीटरचा हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी कुणाला पडला नसता. घोडनदीकाठी तेव्हा कंपनीची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला लढाई झाली. तिच्यातल्या महार सैनिकांची आठवण आजही जागती आहे. त्या पायदळाच्या हातातल्या ठासणीच्या बंदुकांची नळी पाऊण इंचाची, आणि शिशाची गोळी मुद्दाम त्याहून लहान. कागदी काडतूस दाताने फाडायचं, चिमूटभर दारू रंजक म्हणून ठेवायची, बाकीची नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. दारूच्या काजळीने नळी भरली तरी गोळी आत जायला हवी, म्हणून मापात ढिलाई ठेवलेली असे. नेम त्या ढिलाईत हरवायचा. पुढे आटे आले, पितळी पुंगळी आली, धूर न होणारी दारू आली, दाब वाढला आणि ही ढिलाई संपली. आता चूक अर्ध्या मिलिमीटरची असली तरी बोल्ट डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. बंदूक तपासणारा माणूस आणि बंदुकीला गाल लावून नेम धरणारा माणूस, दोघांनाही ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

आर्मोररांनी नातवाला दिलेलं उत्तर त्याला हवं होतं ते नव्हतं, पण ते पूर्ण होतं. बंदूक .४१० मस्केट. चेंबर मूळचं, न घासलेलं. दुकानातलं .४१० घेऊ नका, .३०३ तर नकोच, कारण काठ सारखा असल्याने ते आत बसेल आणि रुंद नळीत गोळी सैल पडून पुंगळी फाटेल. मूळचं काडतूस मिळत नाही तोवर ही बंदूक भरायची नाही. जुनी आहे म्हणून कायद्यातून सुटका मिळेल, असंही धरून चालू नका. कलम ४५ ची सवलत दुरुस्ती करूनही न उडणाऱ्या जुनाट शस्त्रालाच आहे, आणि ही तर उडू शकते. ठेवायची नसेल तर कलम २१ प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते.

घरोघरी अशा बंदुका वारशाने येतात, सोबत कुणाच्या तरी आठवणीतलं एक नाव येतं आणि त्या नावावर विसंबून काडतूस मागितलं जातं. शिरूर-दौंडकडच्या अशा प्रत्येक घराने एवढं करावं: नावावर जाऊ नये, परवाना वाचावा, नळी आणि चेंबर जाणकाराकडून मोजून घ्यावं, आणि उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर तेही योग्य काडतूस सापडण्याइतकंच खरं मानावं. चुकीचा राउंड आत न जाऊ देणं हे आर्मोररच्या कामाचं यशच आहे.