मधल्या वेळचे खाणे

मधल्या वेळचे खाणे म्हणजे न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण या मुख्य आहारांच्या दरम्यान घेतला जाणारा अल्प आहार होय. शाळा, महाविद्यालय किंवा नोकरीनिमित्त दिवसाचा मोठा भाग घराबाहेर घालवणाऱ्या व्यक्तींच्या आहारात त्याला विशेष महत्त्व आहे. हे खाणे मुख्य जेवणाला पर्याय नसून दोन जेवणांतील दीर्घ अंतर भरून काढणारा पूरक आहार मानले जाते.

शरीरक्रिया

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण वाढते आणि इन्सुलिन या संप्रेरकामुळे ते पुन्हा नियंत्रणात येते. पुढील काही तास यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनपासून शरीराला ग्लुकोज मिळत राहते. त्यामुळे निरोगी प्रौढ व्यक्तीला जेवणांतील चार-पाच तासांचे अंतर सहसा बाधत नाही. वारंवार खाल्ल्याने चयापचयाचा वेग वाढतो, असा एक प्रचलित समज आहे. परंतु पचनासाठी खर्च होणारी ऊर्जा ही मुख्यतः अन्नाच्या एकूण प्रमाणावर व घटकांवर अवलंबून असते, खाण्याच्या वेळांच्या संख्येवर नव्हे.

लहान मुलांची स्थिती मात्र वेगळी असते. त्यांच्या जठराची क्षमता कमी आणि वजनाच्या तुलनेत ऊर्जेची गरज अधिक असल्याने त्यांना थोड्या थोड्या वेळाने खावे लागते. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणारी काही औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी जेवण चुकवल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते. अशा व्यक्तींनी खाण्याच्या वेळा वैद्यकीय सल्ल्याने ठरवणे आवश्यक असते.

शाळेतील व्यवस्था

महाराष्ट्रातील अनेक शाळांत छोटी आणि मोठी अशा दोन सुट्ट्या असतात. छोट्या सुट्टीत कोरडा खाऊ आणि मोठ्या सुट्टीत पोळी-भाजीचा डबा अशी विभागणी सामान्यतः आढळते. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. या योजनेच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गांतील विद्यार्थ्याला ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांतील विद्यार्थ्याला ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने देणारे भोजन अपेक्षित आहे.

कामाचा दिवस

मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेमुळे घरचे दुपारचे जेवण कामाच्या ठिकाणी पोहोचू लागले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सलग पाच तासांपेक्षा अधिक काम करण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद करण्यात आली. या दोन्ही व्यवस्थांनी दुपारच्या जेवणाची सोय झाली. संध्याकाळची वेळ मात्र बहुधा मोकळीच राहिली. दुपारी एक वाजता डबा खाणारी व्यक्ती लांबच्या प्रवासानंतर रात्री नऊ वाजता जेवत असेल, तर हे अंतर आठ तासांचे होते. न्याहारी व दुपारचे जेवण यांतील अंतराच्या तुलनेत ते बरेच मोठे असते. याच काळात भूक लागून स्थानकाबाहेरील तळलेले पदार्थ, बिस्किटे किंवा अनेक कप गोड चहा घेतला जातो, किंवा रात्री उशिरा गरजेपेक्षा अधिक जेवले जाते. त्यामुळे दिवसात किती वेळा खावे हे ठरवण्याआधी सर्वांत मोठे अंतर कोणत्या वेळी पडते हे पाहणे उपयुक्त ठरते. संध्याकाळी पाचच्या सुमारास खाण्यासाठी दुसरा लहान डबा ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

पदार्थांची निवड

प्रथिने व तंतुमय घटक असलेले पदार्थ पोटात अधिक काळ टिकतात. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, उकडलेले अंडे, थालीपीठ, ताक, पेरू आणि केळे हे महाराष्ट्रात सहज मिळणारे पर्याय आहेत. शेंगदाण्यांत स्निग्ध पदार्थ भरपूर असल्याने एक मूठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, पुरेशी होते. तेवढ्यातून साधारण १७० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-शेंगदाण्याची चिक्की सोयीची असली, तरी त्यांतील गूळ ही साखरच असल्याने प्रमाण मर्यादित ठेवणे इष्ट असते.

साठवण व सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू वेगाने वाढतात. सकाळी भरलेला भात किंवा ओली उसळ संध्याकाळपर्यंत साध्या डब्यात ठेवणे त्यामुळे योग्य नाही. संध्याकाळच्या डब्यासाठी फुटाणे, शेंगदाणे, कोरड्या लाह्या आणि न कापलेली फळे अधिक सुरक्षित असतात.