आधी आठ किलोमीटर, मग ताट

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय मला मनापासून आवडतो: धावायचं आणि मग खायचं. खाद्यजत्रेला जोडलेल्या उन्हाळी शर्यती जगात बऱ्याच ठिकाणी होतात. आज मी घेतोय अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या यारमथ गावचं उदाहरण. तिथे १९६५ पासून जुलैमध्ये ‘क्लॅम फेस्टिव्हल’ भरतो. क्लॅम म्हणजे आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांचे चुलतभाऊ म्हणा ना. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं आणि खणून काढायचे. जत्रा तीन दिवस चालते. खाण्याचे स्टॉल गावातल्याच संस्था लावतात, म्हणजे तुम्ही तळलेल्या क्लॅमवर ताव मारलात की पैसे गावाच्याच कामी येतात. आणि या जत्रेतच असते पाच मैलांची, म्हणजे साधारण ८ किलोमीटरची शर्यत.

आता तुम्ही म्हणाल, ८ किलोमीटर? त्यात काय एवढं? तर खरा मुद्दा इथेच आहे.

आपल्याला वाटतं, उष्माघात होतो तो मॅरेथॉनसारख्या लांब शर्यतीत. पण धावताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण पाऊण हिस्सा उष्णता बनून बाहेर पडतो. जितका वेग जास्त, तितकी उष्णता जास्त. आणि अंतर कमी असलं की आपण वेग वाढवतोच! त्यात समुद्रकाठची दमट हवा. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तर अंग थंड होतं. हवेतच ओल असेल तर घाम नुसता टपकत राहतो. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

‘पण मेन तर थंड प्रदेश!’ बरोबर. तरी त्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे, मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथची शर्यत बघा. ऑगस्टमध्ये होते, अंतर जेमतेम ७ मैल. १९७८ साली तिथे अल्बर्टो सालाझार हा तरुण धावपटू शर्यत संपवून कोसळला. शरीराचं तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास. अंत्यसमयीची प्रार्थनासुद्धा म्हणून झाली होती. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि तो वाचला. पुढे १९८० पासून सलग तीन वर्षं त्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

याच शर्यतीच्या १८ वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण, सगळ्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केलेलं, आणि सगळेच्या सगळे वाचले. म्हणून तिकडचे डॉक्टर सांगतात: आधी थंड करा, मग हॉस्पिटलात हलवा.

उष्माघात ओळखायचा कसा? ‘अंग कोरडं पडतं’ यावर अजिबात विसंबू नका. धावणाऱ्याला उष्माघात झाला तरी अंग घामाने ओलं असू शकतं. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, विनाकारण चिडतोय, तर त्याला लगेच थांबवा. सावलीत न्या, टबात बसवा आणि डोकं पाण्याबाहेर धरून ठेवा. टब नसेल तर अंगावर गार पाणी ओतत राहा, बर्फात भिजवलेले टॉवेल डोक्यावर, मानेवर, काखेत ठेवा. हे चालू असतानाच दुसऱ्या कुणीतरी रुग्णवाहिका बोलवायची. आपल्याकडे १०८ किंवा ११२.

हे सगळं टाळायचं असेल तर? शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस थोडं थोडं उन्हात पळा. शर्यतीत पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू. घड्याळाकडे बघू नका, श्वास ऐका. एखादं वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करा. ताप किंवा जुलाब असतील तर त्या दिवशी फक्त प्रेक्षक व्हा.

आणि खाणं? ते नंतरच. धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं. तळलेलं खाऊन पळालात तर ते तिथेच बसून राहणार. आधी दोनेक तास केळं किंवा थोडे पोहे पुरे. शिंपल्या-कोळंबीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. काही लोकांना हे नुसतं खाल्लं तर काही होत नाही, पण खाऊन काही तासांत व्यायाम केला की जोरदार ॲलर्जी उठते. अंगावर गांधी, सूज, श्वास कोंडणं, थेट जिवावर बेतू शकतं. पूर्वी कधी असं झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नका. धावून झाल्यावर मात्र अंग निवू द्या, तहानेपुरतं पाणी प्या आणि मग खुशाल बसा. क्लॅमचं गरमागरम चाऊडर खारट असतं, घामातून गेलेलं मीठही भरून निघतं.

तुमच्या गावात कुणी आंबा महोत्सवाला किंवा मासळी महोत्सवाला शर्यत जोडत असेल, तर नाव नोंदवताना टी-शर्टचा साइज सांगाच, पण सोबत एक प्रश्नही विचारा: ‘बर्फाचा टब कुठे ठेवणार?’ जिथे मासळी विकायला ठेवतात, तिथे बर्फ असतोच. त्यातला थोडा माणसांसाठी बाजूला काढायचा, एवढंच.

भेटू पुढच्या भागात. हा भाग तुमच्या धावणाऱ्या मित्राला नक्की पाठवा.