वसंतातील नाले आणि गळाची शिकार

इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस ‘ट्राउट’ या माशाचे नाव अपरिचित नसावे. वसंत लागला, डोंगरावरील बर्फ वितळून गेले, की हातात लवचिक काठी घेऊन व टोपीस पिसांच्या कृत्रिम माश्या टोचून तिकडील शौकीन मंडळी लहान लहान ओढ्यांच्या काठाने हिंडू लागतात, असे वर्णन त्यांत वारंवार येते. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने असलाच एक उतारा वाचून आम्हांस विचारले की, आपल्या कोरपना तालुक्यातही ओढे-नाले पुष्कळ आहेत, मग आपल्याकडे वसंतात अशी शिकार का करता येऊ नये? प्रश्न वरवर साधा दिसला तरी त्याचे उत्तर देताना आम्हांस पाणी, दगड, उष्णता व माशांची श्वसनक्रिया इतक्या गोष्टींत शिरावे लागले. तोच विषय येथे वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम ट्राउटची गोष्ट उरकून घेऊ. हा मासा थंड पाण्याचा. पाण्याची उष्णता दहा ते सोळा अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान असली म्हणजे तो उत्साहाने खातो व वाढतो. वीस अंशांच्या वर तो मंदावतो आणि पंचवीस अंशांपुढे त्याचा जीव फार काळ धरत नाही. याचे कारण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूत आहे. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तेच पाणी तीस अंशांपर्यंत तापले म्हणजे तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम उरतो. इकडे प्राणवायू घटतो, आणि तिकडे उष्णतेमुळे माशाच्या शरीरातील सर्व व्यापार जलद चालू लागून त्याची गरज मात्र वाढते. म्हणून हिंदुस्थानात हा परदेशी मासा आणून सोडला गेला तो काश्मिरात १९०० च्या सुमारास, आणि पुढे निलगिरीवर, जेथे अॅव्हलांच येथील उबवणी केंद्र १९०७ साली सुरू झाले. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो तेथे ट्राउटची आशा करणे म्हणजे तव्यावर लोणी जपून ठेवण्यासारखे आहे.

तथापि एका बाबतीत आमच्या तालुक्याचे व त्या इंग्रजी ओढ्यांचे दूरचे नाते निघते, आणि ते आम्हांस मोठे कौतुकाचे वाटते. तरंगत्या माशीने ट्राउट धरण्याची विद्या ज्या टेस्ट व इचेन या नद्यांच्या काठी नावारूपास आली, त्या इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात खडूच्या, म्हणजे चुन्याच्याच एका जातीच्या, दगडातून वाहतात. हॅलफर्ड नामक गृहस्थांनी १८८६ साली या तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला तो याच नद्यांच्या अनुभवावर. आता कोरपन्याची भूमी पाहावी तर तीही चुनखडकाची! गडचांदूर व आवारपूर येथील सिमेंटचे कारखाने याच दगडावर चालतात. भूगर्भशास्त्रज्ञ या थरांस पैनगंगेचे नाव देतात, आणि ते इतके प्राचीन आहेत की, ते साचले तेव्हा पृथ्वीवर एकही मासा जन्मास आला नव्हता. दोन्हीकडे दगड चुन्याचाच असूनही ओढे इतके भिन्न का, असे कोणी विचारील. खडू हा सच्छिद्र व मऊ असतो. हिवाळ्यातील पाऊस तो पोटात जिरवून घेतो आणि वर्षभर झऱ्यांवाटे दहा-अकरा अंशांचे गार, स्वच्छ पाणी हळूहळू सोडीत राहतो. आमचा दगड घट्ट. पाणी त्याच्या भेगांतूनच काय ते शिरते. वर काळी चिकण माती. आणि पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून वाहून जातो. त्यामुळे नाले वर्धेस किंवा पैनगंगेस आपले पाणी देऊन मोकळे होतात, आणि त्या दोन नद्यांचा संगम होऊन ते पाणी पुढे प्राणहितेवाटे गोदावरीस मिळते.

यावरून ध्यानात येईल की, वसंत या शब्दाचा अर्थच दोन देशांत उलट आहे. तिकडे वसंत म्हणजे पाणी वाढण्याचा व कोमट होण्याचा काळ. हिवाळाभर थंडीने जड झालेला मासा जागा होतो, आणि दगडाखाली अळीरूपाने वर्ष काढलेले नाजूक जलकीटक एक-दोन दिवसांपुरते पंख मिळवून दुपारी पाण्यावर उडू लागतात. त्यांवर मासे तुटून पडतात, आणि त्याच कीटकांची नक्कल पिसांनी बांधून शिकारी त्यांस फसवितो. आमच्याकडे फाल्गुनात पळस फुलला, मोह गळू लागला, की नाल्याची धार बारीक होते. चैत्रात ती तुटते. आणि मग उरतात ते डोह. पावसाळ्यात कोसभर लांबीच्या प्रवाहात पसरलेले जीव आता दहा-वीस हातांच्या एका खळग्यात येऊन कोंडले जातात. ज्याने हे डोह एप्रिलमध्ये पाहिले त्यास हा जलचरांचा सुगीचा काळ नसून दुष्काळाचा काळ आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या डोहांविषयी एक समजूत सर्वत्र आढळते, ती आम्हीही पुष्कळ दिवस खरी मानीत होतो. पहाटे डोहावर गेले असता मासे वर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात. पाहणारा म्हणतो, ‘मासा भुकेला आहे, गळ टाका!’ गळ टाकावा तर एकही मासा त्यास शिवत नाही. एका वर्षी सलग तीन पहाटे आम्ही असे रिकाम्या हातांनी परतलो, आणि गांडुळांस, गळास व नशिबास दोष दिला. वास्तविक ती भूक नव्हती, गुदमर होती. डोहातील शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, परंतु रात्री तेही इतर जीवांप्रमाणे प्राणवायूच घेते. रात्रभर शेवाळ, मासे, किडे व तळाशी कुजणारी पाने या सर्वांनी मिळून तो ओढल्यावर उजाडण्याच्या आधी पाणी सर्वांत दरिद्री झालेले असते. अशा वेळी पृष्ठभागालगतचा, हवेला टेकलेला पातळ थर तेवढा श्वासाच्या उपयोगी पडतो. मासे तेथे तोंड लावून कसेबसे जगतात. ऊन वर आल्यावर, साधारण तास-दीड तासाने, डोह पुन्हा सावरतो व मासे खाली जातात. खाण्याची वेळ असलीच तर ती तेव्हा असते, आणि ती दुपारच्या तापाने लवकरच संपते.

अर्थात सर्व माशांची स्थिती सारखी नसते. मरळ हा मासा घ्या. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा धरून ठेवणारी पोकळी असते. तो वर येऊन सरळ हवाच गिळतो. मांगूर माशास झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले श्वसनेंद्रिय असते. पाणी गढूळ होवो, तापो, कुजो, हे दोघे तग धरतात. किंबहुना ओल राहिली तर मरळ चिखलातही काही काळ जिवंत राहतो. ढिवर बांधव मरळ ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारात जिवंत आणतात त्यामागील रहस्य हेच. याच्या उलट ज्यांस वाहत्या, खेळत्या पाण्याची सवय, ते चंदेरी मासे प्रथम बळी पडतात. म्हणून डोहात शेवटी कोण उरले आहे यावरून पाण्याची अवस्था ओळखता येते. लहान चंदेरी मासे खेळत असतील तर पाणी अजून निरोगी आहे. केवळ मरळ व मांगूरच दिसू लागले, तर त्या डोहाचे दिवस भरत आले असे खुशाल समजावे.

मग माशीने शिकार करता येईल असा मासा आपल्याकडे आहे काय? आहे, पण तो आकाराने अगदीच लहान. जेथे फेब्रुवारी-मार्चमध्ये अद्याप धार वाहते व खडकांवरून पाणी खळाळत उतरते, तेथे बोटाएवढे, अंगावर उभे निळसर पट्टे असलेले मासे प्रवाहास तोंड करून उभे असतात आणि वरून पडणाऱ्या किड्यांवर झेप घेतात. शास्त्रज्ञ यांस बॅरिलियस म्हणतात. यांच्याच कुळातील उत्तर हिंदुस्थानातील व आसामातील एका मोठ्या माशास इंग्रज शिकारी ‘हिंदी ट्राउट’ म्हणत, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना येईल. आम्ही हौसेखातर मानवेल बांबूची एक काठी केली. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे तासला तरी बळकट राहतो. अगदी लहान गळावर काळ्या दोऱ्याने कोंबड्याच्या मानेचे पीस गुंडाळून माशी केली. ती सुबक मुळीच नव्हती. बांधणाराखेरीज इतर कोणी तिला माशी म्हटले असते की नाही, याची शंकाच आहे. तरीही दोन मासे लागले आणि ते हातात मावण्याइतके छोटे असल्यामुळे परत सोडून दिले. या कामी चातुर्य लागते ते हातापेक्षा पायांचे. पाणी नितळ असल्यामुळे माणसाची सावली डोहावर पडताच सारे मासे कपारीत पळतात. म्हणून सूर्य समोर ठेवून, वाकून, प्रवाहाच्या खालच्या अंगाने वर चढत जावे. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा मागून येणारा त्यास उशिरा दिसतो. संध्याकाळची वेळ इंग्रजी ग्रंथांत उत्तम म्हणून सांगितलेली असली तरी ती आमच्या जंगलांत वर्ज्य मानावी. उन्हाळ्यात त्याच डोहावर वाघ व अस्वल पाण्यास येतात, आणि त्या वेळी तेथील मालकी त्यांचीच असते.

या छंदास कोणी निव्वळ विलायती म्हणू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे खवले असलेले व नसलेले, समुद्रातील व नदीतील असे भेद सांगून कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे याचा विचार त्यात केला आहे. इंग्रजीत गळाच्या शिकारीवरील पहिला छापील निबंध १४९६ चा. म्हणजे दक्षिणेतील हा राजा त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे पूर्वीचा ठरतो.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना मनास आनंद होत नाही. गेल्या काही वर्षांपूर्वीच्या एका चैत्रात आम्ही विद्यार्थ्यांसह एका नाल्यावर गेलो होतो. उंबराच्या सावलीत तेथे एक चांगला डोह आहे. वरील पट्टेदार मासे आम्ही प्रथम तेथेच पाहिले होते. त्या दिवशी पाण्यावर पांढरी तवंगासारखी साय होती, नाकास झोंबणारा वास येत होता आणि काठास बोटाएवढ्या माशांचा पांढरा पट्टा लागला होता. कोणी तरी रात्री ब्लीचिंग पावडर टाकून मोठे मासे उचलून नेले होते. नेण्याजोगे असे पाच-सहा शेर निघाले असतील. मागे पडलेल्यांची गणती करणे शक्य नव्हते. खेकडे, झिंगे, दगडाखालच्या अळ्या, काहीच जिवंत नव्हते. आमच्यातील सर्वांत लहान मुलाने काठीने एक एक दगड उलटून पाहिला, आणि शेवटी काठी टाकून दिली.

जंगलात गेळफळ व हिंगणबेट यांसारखी फळे कुटून मासे भुलविण्याची रीत पूर्वीपासून आहे, आणि तीही डोह आटलेला असता निर्दोष म्हणता येत नाही. परंतु त्यांचा अंमल काही काळाने ओसरतो. बाजारातील रसायने, सुरुंगाची दारू व विजेची तार यांस लहान-मोठा, अंडी धरलेला वा न धरलेला, असा कसलाच विवेक नाही. मासे धरण्यासाठी विष व स्फोटक द्रव्ये वापरण्यास १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने मनाई केली. दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात सांगितली होती. दोनशे रुपये ही रक्कम १८९७ साली जरब बसविण्यास पुरेशी होती.

उन्हाळ्यातील डोहात केलेली हानी पावसाळ्यातील हानीहून अनेक पटींनी जड का, हे पुढील क्रम पाहिल्यास कळेल. चैत्र-वैशाखात डोहाकाठची उंबरे पिकून पाण्यात पडतात. खवल्यांचे मासे ती खाऊन अंग धरतात. मृगाच्या आगेमागे पहिला पाऊस झाला की वारुळांतून पंखांच्या वाळव्या निघतात, दिव्यांवर जशा झेपावतात तशा पाण्यावरही पडतात, आणि भुकेले मासे त्यांवर यथेच्छ ताव मारतात. माशीची शिकार करावयाची असेल तर आमच्या मुलखातील खरा मुहूर्त हा, वसंत नव्हे. मात्र पहिलाच लोंढा वणव्याची राख व कुजका पाला घेऊन आला तर डोहातील प्राणवायू एकाएकी संपून मासे मरतात. तेव्हा पहिल्या पुरानंतर एक-दोन दिवस थांबावे. मग नाला वाहता होतो, डोहांची साखळी जुळते, आणि जे जगले वाचले ते अंडी घालण्यास वर चढतात. मरळ तर आपल्या केशरी पिलांच्या थव्याखाली पहारा देत राहतो, आणि थव्याजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतो. त्यामुळे त्या दिवसांत त्यास धरणे फार सोपे, आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. आईबाप गेले म्हणजे सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. सारांश, आषाढात नाल्यात जितके मासे दिसतात ते सर्व वैशाखातील त्या चार खळग्यांत उरलेल्यांचे वंशज, किंवा खालच्या नदीतून चढून आलेले. वाटेत बंधारा असेल तर नदीतून येणाऱ्यांचा मार्गही खुंटतो आणि सर्व भार डोहांवरच पडतो.

वर सांगितलेल्या उंबराच्या डोहावर आम्ही पुढील दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा गेलो. मरळ दिसला, झिंगे परत आले होते. पट्टेदार मासे अजून दिसले नाहीत. येत्या फाल्गुनात, धार तुटण्यापूर्वी, पुन्हा एकदा पाहून यावे असा आमचा विचार आहे. काठी घरीच ठेवू.